शेवटचा हात

आमच्याकडे गाडीला मागे ट्रॉली ओढायचा हूक बसवून घ्यायचा तर एक नियम होता. हुकाची लोखंडी पट्टी कापायची कुणीही, भोकं पाडायची कुणीही, पण बोल्टावर शेवटचा हात सासऱ्यांचा. त्यांनी आवळलं की घरातल्या कुणी त्या नटाला बोट लावायचं नाही. लावलं तर तो त्यांचा अपमान. गिऱ्हाइकं कौतुकाने एकमेकांना सांगायची, "मिस्तरींचा हात फिरलाय, आता डोंगर बांधला तरी ओढेल." मला त्या कौतुकाचा संताप यायचा, कारण मागल्या थंडीपासून त्या हातात काय उरलं होतं ते मला ठाऊक होतं.

थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला, उजवा हात मात्र परत आला नाही. म्हणजे हात होता, कप धरायचा, दाढीही करायचा, पण खांद्याच्या वर उचलला की थरथरायचा आणि कोपरापुढे त्यात जीव नसायचा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू ताकद येईल. सासऱ्यांनी त्यातलं 'येईल' तेवढं ऐकलं आणि घरी आल्यावर पहिल्यांदा खड्ड्यात उतरले.

खड्डा म्हणजे शेडच्या मधोमध खणलेला, माणूसभर खोल. वर गाडी उभी करायची आणि खाली उतरून तिच्या पोटाशी काम करायचं. तिथे हात सारखे डोक्याच्या वर. धडधाकट माणसाचे खांदे भरून येतात. सासरे डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे, पाना नटावर चढवायचे आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं लावायचे. मानेच्या शिरा टम्म, तोंड लालबुंद. एवढा जोर लागतोय म्हणजे तेवढं आवळलं जातंय, असा त्यांचा हिशोब. नट बिचारा होता तिथेच.

पहिल्यांदा ते माझ्याच लक्षात आलं. ते वर गेल्यावर सांडलेलं ग्रीस पुसायला मी खाली उतरले. वर बघते तर नटाखालचा स्प्रिंग वायसर तोंड वासून उभा. नीट आवळलं की तो दबून सपाट होतो, फट राहत नाही. इथे फटीत माझं नख जात होतं. नवऱ्याला हाक मारून दाखवलं. त्याने वायसर बघितला, वर बापाकडे बघितलं आणि कुजबुजला, "तूच आवळ. पटकन. आई त्यांना चहाला थांबवते तोवर."

"तुम्ही का नाही?"

"मी केलं तर त्यांना कळेल."

"आणि मी केलं तर?"

"तू पुसायला उतरतेस ना. पुसणाऱ्याकडे कोण बघतं?"

असं ते सुरू झालं. फडक्यात पाना गुंडाळायचा आणि वाट बघायची. सासरे आत गेले की नवरा शेडच्या लोखंडी खांबावर दोनदा ठोकायचा. मी पायऱ्या उतरून चारही नट आवळायची, पाना कुरकुरायचा थांबेपर्यंत, आणि ग्रीस पुसत वर यायची. सासूबाई आत त्यांना गुंतवून ठेवायच्या. औषध घेतलं का, पंखा का वाजतोय, माझा चष्मा कुठे ठेवलात. एकदा तर त्यांनी डोक्यावर चढवलेला चष्मा नवऱ्याकडून घरभर शोधून घेतला. तिघं मिळून आम्ही एका माणसाला फसवत होतो आणि याला आमच्या घरात 'बाबांना जपणं' म्हणत.

मला काम येत होतं, ते त्यांनीच शिकवलेलं, हे नाकारणार नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नव्हता. त्यांनी ड्रिल हातात दिलं. भोक पडत आलं की आवाज कसा बदलतो ते ऐकवलं. बंपर शोभेला असतो, भार धरायचा चासीने, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याने, म्हणून पट्टी चासीलाच बसवायची, हे दहादा बजावलं. त्यांची स्वतःची एक पट्टी होती, तीन कामांची. तिला गोळा बसायचा, पिन बसायची, आकडाही बसायचा. कुणाची ट्रॉली कसलीही असो, अडायचं नाही. ती पट्टी वेल्ड करायलाही त्यांनी मला शिकवलं. फक्त शेवटचा हात तेवढा द्यायचा नाही. मी एकदा विचारलं तर हसले. म्हणाले, "तो मी मेल्यावर घे."

त्यात हा उन्हाळा आला. विहिरी आटल्या, नळाला पाण्याऐवजी हवा यायला लागली. पाणी फक्त चढापलीकडच्या धरणावर. ज्याच्या दारात चार चाकं होती त्याला मागे पाण्याच्या टाकीची ट्रॉली लावायची होती, आणि टाकी लावायची म्हणजे हूक पाहिजे. आमच्या दारात सकाळपासून गाड्या. जीप, पिकअप, लग्नात मिळालेल्या छोट्या मोटारी. सासरे छोट्या मोटारींना सरळ हाकलून द्यायचे. "हिला टाकी लावलीस तर मागचं धूड तिथेच राहील आणि तू स्टिअरिंग घेऊन घरी जाशील." लोक हसायचे, पण ऐकायचे. नवरा मागच्या दिव्यांच्या वायरी जोडायचा, हूक निसटलाच तर म्हणून साखळी लावायचा. मी कापायची, घासायची, वेल्ड करायची. पाठ मोडून यायची आणि तोंडात लोखंडाची चव राहायची.

दूधवाल्याची जीप आली ती अशाच एका दुपारी. गोठाभर जनावरं तहानलेली, माणूस नुसता भडभडत होता. "मिस्तरी, आजच्या आज द्या. म्हशी माझ्याकडे अशा बघतात की घरी जायची लाज वाटते." सासऱ्यांना अशी कुणी गळ घातली की आवडायचं. दुसऱ्यांचं काम थांबवून त्यांनी त्याची जीप खड्ड्यावर घेतली. पट्टी बसली. सासरे खाली उतरले, आवळलं, घाम पुसत वर आले. मी तेव्हा अंगणात होते, दुसऱ्या गाडीच्या पट्टीच्या कडा घासत. ग्राइंडर सुरू होता. ग्राइंडर सुरू असला की कानाशी बंदूक उडाली तरी कळत नाही.

ग्राइंडर थांबवून मान वर केली तर खड्ड्यावर जीप नव्हती.

"दूधवाला कुठंय?"

"गेला," नवरा म्हणाला.

"गेला? आणि खालचं?"

"वाजवलं की मी. दोनदा." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं त्यालाच समजलं. "तू उतरली नाहीस?"

"माझ्या हातात हे काय आहे, दिसत नाही? ऐकू तरी आलं असेल का मला?"

त्याने शेडच्या दाराकडे पाहिलं. सासरे तिथे खुर्ची टाकून बसले होते, कपाळावर ओला पंचा, खुशीत. मी दबल्या आवाजात म्हटलं, "फोन लावा त्याला. परत बोलवा."

"काय सांगून बोलावू? बाबा इथेच बसलेत."

"काहीही सांगा. दिवा राहिला म्हणा!"

"एक खेप तर आहे. आणू दे भरून. संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून बघू."

मी त्याच्या खिशातून फोन ओढून घेतला आणि स्वतः लावला. लागत नव्हता. चढावर कुणाचाच फोन लागत नाही. मी लावत राहिले आणि नवरा मला म्हणत राहिला, हळू बोल, बाबा बघतायत.

तासाभरात बातमी आली.

चढाच्या मधल्या वळणावर शिंपीण राहते. रस्त्याला लागून ओटा, ओट्यावर मशीन, दिवसभर ती तिथेच. माझी कामाची पँट तिनेच शिवलेली, गुडघ्याला दुहेरी कापड लावून, न सांगता. जीप भरलेली टाकी घेऊन चढ चढत होती. वळणावर गचका बसला आणि पट्टीच खाली आली. साखळीचा उपयोग झाला नाही, कारण साखळी त्याच पट्टीला अडकवलेली. ट्रॉली पाण्यासकट मागे घरंगळली आणि सरळ ओट्यावर. शिंपिणीने मशीन वाचवायला ते बाजूला ढकललं. मशीन वाचलं. तिचा पाय मांडीतून मोडला.

दूधवाला अंधार पडायच्या आत आमच्या दारात आला आणि त्याने पट्टी अंगणात आपटली. दोन बोल्ट गायब. एकाचा नट गळून गेलेला. चौथा, एकट्यावर सगळा भार येऊन, ओढून निघालेला, त्याचे आटे चेंदलेले. आजूबाजूची माणसं जमली.

"हे बघा! मिस्तरी, तुमच्या नावावर मी डोळे मिटून गाडी सोडली. एक बाई आडवी झाली! तिच्या नवऱ्याला काय तोंड दाखवू मी?"

सासऱ्यांनी तो चौथा बोल्ट उचलला, उजेडात धरला. त्यांचा हात थरथरत होता, आणि सगळ्यांना वाटलं रागाने थरथरतोय.

"मी आवळला होता," ते म्हणाले.

"तुम्ही आवळला असेल हो. पण तुमच्यामागून कोण उतरतं खड्ड्यात? मागे भावाच्या गाडीला हूक बसवताना मी इथे थांबलो होतो ना, तेव्हा बघितलंय. तुम्ही आत गेलात की तुमची सून पाना घेऊन खाली. म्हटलं मिस्तरींनीच सांगितलं असेल."

सासरे माझ्याकडे वळले. एवढी माणसं उभी, पण मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता.

"उतरतेस?"

"हो."

"माझ्यामागून? मी आवळलेल्याला हात लावतेस?"

"लावते. पण या गाडीला नाही लावला."

"वा!" दूधवाला म्हणाला. "सगळ्यांना लावला आणि नेमका माझ्याच गाडीला नाही?"

चारजण हसले. खरं ते मी बोलले होते आणि त्यावर माणसं हसत होती. सासऱ्यांनी तो बोल्ट माझ्या पायाशी टाकला. "आटा मेलाय बघ. गरजेपेक्षा जास्त ओढलं की असा मरतो. पहिल्या दिवशी शिकवलं होतं तुला. जोर कुठे थांबवायचा ते बाईमाणसाला कळत नाही, म्हणून तर मी शेवटचा हात कुणाला देत नव्हतो." मग जमलेल्यांकडे बघून म्हणाले, "चूक माझ्या घरची आहे. पट्टी मी नवी करून देईन. आणि हिचा पाय पुन्हा खड्ड्यात पडायचा नाही."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो खांबाला टेकून उभा होता, वायरचा तुकडा बोटांना गुंडाळत. त्याने एक शब्द बोलायचा होता. नुसतं 'बाबा' एवढं म्हणून पुढे यायचं होतं. तो वायर गुंडाळत राहिला. सासूबाई दारातून आत निघून गेल्या. लोक पांगले आणि जाताना माझ्याकडे असं बघत गेले की मीच शिंपिणीच्या पायावरून गाडी घातली.

घरात गेल्यावर मी नवऱ्याला गाठला. "का नाही बोललात?"

"काय बोलायचं? तुमचा हात गेलाय बाबा, असं? चारचौघात?"

"चारचौघात मला म्हणाले ते चाललं?"

"तू सहन करशील. ते नाही करणार. त्यांना कळलं ना, की आपण इतके दिवस... ते बसतील ते उठायचेच नाहीत."

"आणि ती शिंपीण? ती उठणार आहे का?"

"चार दिवस जाऊ दे. मी हळूहळू सांगतो त्यांना."

"हळूहळू! तुम्ही हळूहळू सांगेपर्यंत अजून किती गाड्या जातील इथून? आता मला उतरायचीही बंदी. आता त्यांच्यामागून आवळणार कोण? तुम्ही?"

सासूबाई भांडी घासत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "घरात दोन पुरुष. एकाच्या तोंडाला कुलूप आणि दुसऱ्याच्या तोंडाला दारच नाही." मी त्यांच्यावरही भडकले. "आणि तुम्ही, आई? तुम्ही तरी बोलायचं होतं!" त्यांनी पातेलं पालथं ठेवलं. म्हणाल्या, "मी त्यांना रात्री झोपेत हात चाचपताना बघते गं. माझी जीभ उचलत नाही." त्यांचं मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

मी शिंपिणीला बघायला गेले. नवरा नको म्हणत होता, लोक काय म्हणतील म्हणून. जे म्हणायचं ते म्हणून झालंच होतं. दवाखान्याच्या लांबच लांब खोलीत ती कोपऱ्यातल्या खाटेवर होती. पाय उंच बांधलेला, खाली वजन लटकवलेलं. तोंड सुजलेलं. मी खाटेशी उभी राहिले आणि बसायचं धाडस झालं नाही.

"बस की," ती म्हणाली. "पाय माझा मोडलाय, तुझा नाही."

बसले.

"तुझ्या हाताने झालं म्हणतात."

माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. सासऱ्यांचा हात, वायसर, दोनदा ठोकणं, ग्राइंडर. पण ते सांगायचं म्हणजे घर उघडं करायचं, आणि इतकी वर्षं मला तेवढंच तर शिकवलं होतं सगळ्यांनी, की घर झाकायचं.

"मला पायाचं नाही विचारायचंय तुला," शिंपीण म्हणाली. "पाय जुळेल, नाहीतर नाही. मशीनवर आता माझी मुलगी बसते. त्याच ओट्यावर. शिवणं अडवून ठेवता येत नाहीत. आणि दूधवाला परत पाणी आणणार ना? काल येऊन सांगून गेला, मिस्तरी नवी पट्टी करून देतायत. त्याच चढाने जाणार तो. मला एवढंच सांग. या वेळी नाही ना सुटणार?"

"ताई..."

"हो का नाही, ते सांग. नाही म्हणालीस तर पोरीला आत बसवते, अंधारात. पण मग तू मला सांग की का."

मला हो म्हणता येईना. नाही म्हणता येईना. मी तिच्या उशीखालचं कापड नीट केलं आणि उठले. बाहेर येऊन दवाखान्याच्या भिंतीवर लाथ मारली तर चप्पल तुटली. हातात चप्पल घेऊन घरापर्यंत चालत आले. रस्ता तापलेला होता, पाय भाजत होता, आणि ते मला बरं वाटत होतं.

नवी पट्टी करायला सासऱ्यांना दिवसभर लागला. मला शेडच्या दाराच्या आत येऊ दिलं नाही. मी पिंपाशी कपडे आपटत बसले, तिथून शेड दिसायची. नवरा कापत होता, कापणं त्याला जमत नाही, कडा वाकड्या. सासरे त्याच्यावर खेकसत होते. वेल्डिंगची रेघ धरायला गेले तर हात हलला आणि रेघ वेडीवाकडी गेली. त्यांनी ती घासून काढली, पुन्हा मारली, पुन्हा घासली. चौथ्यांदा जमली. तेवढ्यापुरतं म्हातारं जिद्दीला पेटलं होतं आणि मला ते बघवत नव्हतं. शिव्या द्याव्यात की जाऊन ते होल्डर धरावं, कळत नव्हतं.

उन्हं उतरायला दूधवाला आला. बरोबर त्याचा भाऊ आणि रस्त्यावरची दोन-तीन रिकामी माणसं, गंमत बघायला.

"मिस्तरी, एकच सांगतो. सूनबाईंचा हात नको."

"ती शेडमध्येही नाही आलेली सकाळपासून. विचार हवं तर."

जीप खड्ड्यावर आली. पट्टी चढली, बोल्ट ओवले. सासरे पाना घेऊन उतरले. वरून माणसं वाकून बघत होती. त्यांच्या कण्हण्याचा आवाज पिंपापर्यंत आला. एक नट, दुसरा नट. मधे थांबून त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. मग तिसरा, चौथा. वर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, श्वास लागलेला, आणि चेहऱ्यावर समाधान.

"ने," ते म्हणाले. "आता डोंगर ओढ."

दूधवाला गाडीत चढला. नवरा खांबाशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, की बाई, आता गप्प बस. मी हातातला ओला कपडा पिंपात टाकला आणि शेडमध्ये शिरले.

"चावी बंद कर," मी दूधवाल्याला म्हटलं.

"बाहेर हो!" सासरे ओरडले.

"मी आवळणार नाहीये बाबा. तुम्ही आवळलेलं मी सोडवून बघणार आहे. तुमचा हात फिरलाय ना त्यावर? मग माझ्या हाताने काय होणार आहे?"

"वहिनी, अहो..." दूधवाला म्हणाला.

"तू खाली उतर. उतर आणि वाकून बघ. तुझीच गाडी आहे. सगळ्यांनी बघा."

मी खड्ड्यात उतरले. सासऱ्यांचा पाना तिथेच पायरीवर होता. दांडा अजून ओला. पहिल्या नटावर चढवला. मग हात वर केला, चार बोटं मिटली आणि करंगळी पान्याच्या टोकाला अडकवली. वरून सहा-सात तोंडं बघत होती. करंगळीने ओढलं.

नट फिरला.

मी दुसऱ्यावर पाना चढवला. करंगळी. फिरला. तिसरा फिरला. चौथ्याला करंगळीही जड झाली, पाना चढवतानाच तो हलला. वर बघितलं तर सासरे पायऱ्या उतरत होते, भिंतीला धरून. माझ्या शेजारी आले. त्यांनी मान वर करून वायसरच्या फटीत नख घातलं. नख सहज आत गेलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. चौथ्याशी गेले नाहीत. उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघत राहिले, कुणी दुसऱ्याचा आणून दिल्यासारखा.

मला तिथे थांबता आलं असतं. पण मला थांबायचं नव्हतं.

"थंडीपासून हे असं आहे," मी म्हटलं, वरच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "तुम्ही आत गेलात की मी उतरायची. सगळ्या गाड्यांना मी आवळलंय. एकही सुटली नाही. एक राहिली, दूधवाल्याची. हात लावला म्हणून नाही सुटली ती. लावायचा राहिला म्हणून सुटली. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. विचारा तुमच्या मुलाला."

सासऱ्यांनी वर पाहिलं. नवरा खड्ड्याच्या कडेला उभा होता.

"खरंय बाबा," तो म्हणाला. आता म्हणाला. बाई आडवी झाल्यावर, माझं तोंड काळं झाल्यावर.

"आणि ती गाडी गेली तेव्हा? तेव्हा माहीत होतं तुला?"

त्याने हो म्हणून मान हलवली.

सासऱ्यांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला, वर केला आणि मुलाच्या पुढे धरला. "घे. उतर खाली."

म्हणजे बघा! ज्याने तोंड उघडलं नाही, ज्याने कधी नटाला हात लावला नाही, ज्याने गाडी जाऊ दिली, त्याच्या हातात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याने वाकून पाना घ्यायला हात पुढे केला, सवयीने, बापाने दिलं की घ्यायचं म्हणून.

"त्यांना नको," मी म्हटलं. "इकडे द्या."

"सूनबाई..."

"बाबा, त्या वळणावर आता तिची मुलगी बसते. मी तिला हो म्हणू शकले नाही. द्या इकडे."

पाना हवेत तसाच राहिला. त्यांचा हात थरथरायला लागला, वर धरवेना. नवऱ्याने हात मागे घेतला. मी पाना घेतला. फडकं नव्हतं, पुसायचं सोंग नव्हतं. पाय रोवले, दोन्ही हात वर केले आणि पहिला नट ओढला. वायसर दबला. आणखी ओढला. पाना कुरकुरला, मग कुरकुरायचा थांबला. दुसरा. तिसरा. चौथा ओढताना खांद्यातून कळ आली तरी सोडलं नाही.

"बघा आता," मी म्हटलं.

सासऱ्यांनी पाना घेतला. पहिल्या नटावर चढवला आणि उलटा ओढला. हलला नाही. डाव्या हाताने ओढला. मग दोन्ही हातांनी धरून त्यांनी सगळं अंग त्याला लटकवलं, पायाच्या चवड्यांवर आले. त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. नट हलला नाही. त्यांनी चारही नट तसेच बघितले, एकही न वगळता, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं हे इथे खाली कोसळतील. शेवटी पाना पायरीवर ठेवला.

वरून दूधवाला वाकला. त्याला अजून काही धड कळलेलं नव्हतं, किंवा कळूनही विचारायचंच होतं. "मिस्तरी, झालं ना? तुम्ही आवळलंय ना?"

"नाही," सासरे म्हणाले. आवाज घोगरा होता, पण शेडभर गेला. "सुनेने आवळलंय. ने."